साठ पीडीएफ आणि अडलेला गज

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बेळगावात टिळकवाडीला राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एक वाचक लिहितात की हार्मोनियम घेऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची प्रवेशिका पूर्ण केली आहे. आठ महिन्यांपूर्वी जुना चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं, गजानं वाजवायचं मोठं वाद्य) विकत घेतला. शिक्षक बेंगळुरूचे, पंधरवड्यातून एकदा व्हिडिओवर शिकवतात. 'सोपं' म्हणून उतरवून घेतलेले साठेक कागद मोबाईलमध्ये साठलेत, त्यातला एकही शेवटपर्यंत वाजत नाही. दोन ओळी बऱ्या जातात, मग बोटं पोचत नाहीत. व्हायोलिनच्या पुस्तकावरून वाजवून पाहिलं, तर बोटांचे आकडेच जुळेनात. ओळखीच्या एकानं जर्मन संगीतकार बाखच्या, चेलोसाठीच्या पहिल्या सुइटनं (छोट्या रचनांच्या मालिकेनं) सुरुवात करायला सांगितलंय. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला वेळ लागतो म्हणून त्या प्रत्येक सुराखाली सारेगम लिहून घेतात. त्यांचे प्रश्न: नवख्यांसाठी चेलोचं नोटेशन मिळतं कुठं? सगळं सारेगममध्येच उतरवून घ्यावं का? की या वयात, या गावात चेलोचा हट्टच चुकीचा?

सप्रेम नमस्कार.

तुमचा पहिला प्रश्न 'मिळतं कुठं' असा आहे. पण साठ कागद हाताशी असताना अडचण कागदांच्या तुटवड्याची नसणार. कोणता कागद आज आपल्या हाताचा आहे, हे वाजवायच्या आधी ओळखता येत नाही, ही खरी अडचण दिसते. ते ओळखता आलं की जागा सापडायला वेळ लागत नाही, म्हणून आधी ओळखण्याचं बोलू.

'सोपं' या शिक्क्यावर विसंबू नका. तो कुणी मारला आणि कुणासाठी, हे कागदावर नसतं. पियानोवर सोपी असलेली चाल चेलोवर अवघड होऊ शकते, आणि संथ, ओळखीची चाल तर हमखास फसवते, कारण चेलोवर सोपं-अवघड ठरतं ते डाव्या हाताच्या जागेवरून. तुमच्या तारा जाडीकडून बारीककडे सी, जी, डी आणि ए. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात तारांच्या वरच्या टोकाजवळ ठेवला की, चार बोटं अर्ध्या-अर्ध्या सुराच्या अंतरानं बसतात: डी तारेवर पहिलं बोट ई, दुसरं एफ, तिसरं एफ शार्प (शार्प म्हणजे अर्धा सूर चढा, फ्लॅट म्हणजे अर्धा उतरा), चौथं जी. म्हणजे पहिल्या ते चौथ्या बोटात फक्त दीड सूर मावतो. व्हायोलिनची तार साधारण ३३ सेंटिमीटर, चेलोची ६९-७० सेंटिमीटर. तिथं बोटं पूर्ण सुराची अंतरं सहज घेतात, इथं घेत नाहीत. म्हणून डी तारेवर ई, एफ शार्प, जी हे सूर व्हायोलिनवर १-२-३ या बोटांनी, तर चेलोवर १-३-४ या बोटांनी वाजतात. तुमचे आकडे न जुळण्याचं कारण एवढंच आहे. आणखी एक, हार्मोनियमच्या बोटांत अंगठा १ असतो; चेलोत तर्जनी १, करंगळी ४, मोकळी तार ०.

आता कागद तपासायची रीत. प्रिंट काढण्याआधी, चेलो हातात न घेता करायची. दोन मिनिटं लागतात.

सुरुवातीची खूण बघा. कानाच्या आकाराची आकृती आणि तिच्या उजवीकडे दोन ठिपके असतील तर तो बास क्लेफ (खालच्या सुरांसाठीची खूण), तो तुमचा. ठिपक्यांच्या मधली रेषा एफची. इंग्रजी के अक्षरासारखी जाड खूण असेल तर कागद व्हिओलाचा आहे किंवा चेलोच्या वरच्या पोझिशनचा; दोन्ही आज बाजूला. ही खूण ओळीच्या मध्येही बदलते, म्हणून शेवटच्या पानापर्यंत नजर फिरवा. बहुतेक जण पहिली ओळ पाहून ठरवतात आणि तिसऱ्या ओळीत अडकतात.

मग सर्वांत उंच सूर शोधा. पाच रेषांच्या वर एक छोटी जादा रेषा, ती रेषा न कापता तिच्या वर बसलेला सूर म्हणजे डी, ए तारेवरचं तुमचं चौथं बोट. याच्या वर, म्हणजे दुसरी जादा रेषा लागणारा एकही सूर दिसला, तर हात पहिल्या पोझिशनमधून हलवावा लागणार. खाली मोकळ्या सीपर्यंत, दुसऱ्या जादा रेषेपर्यंत, सगळं तुमचं आहे. ही दोन सप्तकं आणि वर एक सूर, एवढ्या हद्दीत कित्येक महिने पुरेल इतकं संगीत आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि 'दोन ओळींनंतर बोटं पोचत नाहीत' या तक्रारीचं मूळ बहुधा इथंच आहे. पहिल्या पोझिशनच्या हद्दीत असूनही काही सूर हात ताणल्याशिवाय, म्हणजे एक्स्टेन्शनशिवाय येत नाहीत. लाल पेन्सिल घ्या आणि हे पाच शोधा: पाच रेषांच्या लगेच खाली लटकणारा एफ शार्प, खालून दुसऱ्या घरातला (दोन रेषांमधल्या जागेतला) सी शार्प, तिसऱ्या घरातला ई फ्लॅट, सर्वांत वरच्या घरातला जी शार्प आणि सर्वांत वरच्या रेषेच्या वर बसलेला बी फ्लॅट. तिन्ही शार्पांसाठी हात पुढे ताणावा लागतो, दोन्ही फ्लॅटांसाठी पहिलं बोट एकटं मागे न्यावं लागतं. हेच सूर दुसऱ्या सप्तकात निरुपद्रवी असू शकतात: एफ शार्प डी तारेवर तिसऱ्या बोटानं सहज येतो, सी शार्प ए तारेवर तसाच, बी फ्लॅट जी तारेवर दुसऱ्या बोटानं. म्हणून ओळीच्या सुरुवातीचे शार्प-फ्लॅट मोजून भागत नाही, ते प्रत्यक्षात कुठल्या घरात पडतात ते बघावं लागतं. डी मेजरची (डीला सा धरलेल्या बिलावलची) चाल मोकळ्या डीपासून वर असेल तर एकही ताण नाही. तीच खालच्या सप्तकात गेली की दोन ताण. पानभर लाल खुणा उठल्या तर कागद सहा महिन्यांनी बघायच्या फोल्डरमध्ये टाका. दोन-तीनच असतील तर ठेवा, तो एक्स्टेन्शन शिकायचाच कागद आहे.

शेवटी लय आणि गज. एकावर एक रचलेले दोन सूर, एका गजात चारपेक्षा जास्त सूर बांधणारी कमान, पानभर दोन आडव्या दांड्यांनी जोडलेले सूर, यातलं काहीही सुरुवातीला नको.

बाखचा पहिला सुइट याच कसोटीवर लावून बघा. त्याचं प्रील्यूड (सुरुवातीचा भाग) जी मेजरमध्ये आहे, ऐकायला समुद्रासारखं सलग, म्हणून सोपं वाटतं. पण त्यात ताणाचे सूर जागोजागी आहेत, जवळजवळ प्रत्येक मात्रेत तारा ओलांडायच्या आहेत आणि शेवटाकडे हात वरच्या पोझिशनमध्ये चढतो. शिवाय बाखच्या स्वतःच्या हातची प्रत उरलेली नाही. जुन्या प्रतींमध्ये गजाच्या कमानी एकसारख्या नाहीत, त्यामुळे प्रत्येक आवृत्ती वेगळं सांगते. सल्ला देणाऱ्यांचं प्रेम खरं असेल, पण वेळ चुकीची आहे. सध्या तो रोज ऐका आणि वाजवायचा मोह आवरा.

आता 'कुठं'. नवख्यांच्या फुकट कागदांसाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे आयएमएसएलपी हे २००६ पासूनचं ऑनलाइन ग्रंथालय. तिथं सेबास्टियन ली या चेलोवादकाचे ओपस (रचनाक्रमांक) ७० शोधा: ४० सोपे एट्यूड (सरावाच्या रचना), सगळे पहिल्या पोझिशनमधले, सोबत दुसऱ्या चेलोची साथ. याच लीचे ओपस ३१ हेही ४० एट्यूड आहेत आणि शोधात तेच आधी दिसू शकतात. ते बरेच पुढचे आहेत, आकडा नीट बघून उतरवा. ओपस ७० पहिल्यापासून क्रमानं घ्या. दुसऱ्या चेलोची ओळ तुमच्याच फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि तिच्यावर पहिली वाजवा. एकटीनं वाजवणाऱ्याला सूर खरा की खोटा हे सांगणारं यासारखं दुसरं साधन नाही. त्या संकेतस्थळावर पियानोच्या साथीची रचना उतरवताना 'पार्ट्स'मधली चेलोची सुटी ओळ घ्या, पूर्ण स्कोअर नको. नाहीतर तीन ओळींतली कुठली आपली हे शोधण्यातच वेळ जाईल.

कायद्याच्या बाजूनं, भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ली १८८७ साली वारला, तिथं प्रश्नच नाही. मात्र नव्यानं केलेल्या रूपांतराचा हक्क वेगळा असतो, म्हणून कुणाच्या नव्या पुस्तकाची झेरॉक्स मागू नका. तसंही एक पुस्तक विकत घ्याच, आणि एकच: क्रमानं पुढे नेणारं, चेलोसाठीच लिहिलेलं. सुझुकीचं पहिलं पुस्तक पहिल्या पोझिशनमध्ये राहतं आणि त्याची ध्वनिमुद्रणं मिळतात. मात्र ते ऐकून वाजवण्यावर उभं आहे, वाचन शिकवत नाही, त्यामुळे लीची जोड हवी. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या परीक्षा मंडळांचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात. परीक्षा द्यायची नसली तरी पहिल्या दोन ग्रेडच्या याद्या वाचा, कोणती रचना कोणत्या टप्प्यावर येते ते कळतं. पुस्तक मागवायला मुंबईचं १८६५ पासूनचं फुर्ताडोस आहे, त्यांची गोव्यातही दुकानं आहेत.

लोकांनी स्वतः टंकून चढवलेले कागद जिथं असतात, तिथं सावध राहा. व्हायोलिनची ओळ संगणकानं एक सप्तक खाली ढकलून 'चेलो' असं नाव दिलेलं पुष्कळ सापडतं. त्यात बोटांचे आकडे व्हायोलिनचेच राहिलेले असतात, गजाच्या खुणा नसतात. तुमच्याकडचं व्हायोलिनचं पुस्तक मात्र टाकू नका. डी आणि ए तारेवरच्या चाली नुसत्या एक सप्तक खाली आणल्या की त्याच नावाच्या तारांवर बसतात. ई तार वापरणाऱ्या, विशेषतः ए मेजरमधल्या चाली एक सप्तक आणि शिवाय एक पंचम (ए ते डी इतकं अंतर) खाली आणा, म्हणजे ए मेजरची डी मेजर होते आणि सगळं मुठीत येतं. म्यूझस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. ओळ टंकली की वाद्य चेलो निवडा, ट्रान्सपोज करा, छापलेले आकडे पुसा आणि बोटं स्वतः लिहा. बोटं स्वतः लिहिणं हा निम्मा अभ्यास आहे.

आता सारेगमकडे येऊ, कारण तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू तुम्ही चुकीच्या जागी खर्च करताय. स्टाफच्या प्रत्येक सुराखाली सारेगम लिहिलं की डोळे अक्षरं वाचतात, रेषा वाचत नाहीत. आठ महिने तेच झालं असेल तर वाचनाचा वेग वाढणार कसा? दुसरं, स्टाफवरचा सूर जागेला बांधलेला आहे आणि तुमचा सा हलतो. सीखाली कायम सा लिहिलात तर डी मेजरची चाल रे वरून रे पर्यंत जाते आणि कान गोंधळतो. तिथं सुराला 'डी तारेवर तिसरं बोट' म्हणूनच ओळखा, 'ग' म्हणून नको. आजपासून स्टाफच्या कागदावर फक्त प्रत्येक ओळीचा पहिला सूर लिहायचा. महिन्यानं तेही बंद.

आणि सारेगम वापरायचं कुठं? सारेगममध्येच लिहिलेल्या संगीतासाठी, वेगळ्या वहीत. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत सरगमगीतं आहेत, मूळ मराठीत. शब्द नाहीत, मात्रा चौकटीत मांडलेल्या, चेलोच्या नवख्या हाताला याहून सोयीचं फार थोडं सापडेल. खालची आडवी रेष कोमल, वरची उभी तीव्र, खाली ठिपका मंद्र, वर ठिपका तार, हे तुम्हाला परीक्षेपासून पाठ असेल.

प्रश्न उरतो पट्टीचा, आणि त्याचं उत्तर तुमच्या पेटीवर आहे. पेटीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांचे सगळे सूर चेलोच्या पहिल्या पोझिशनमध्ये एकही ताण न घेता येतात: जाड दोन तारांवर ०-१-३-४, बारीक दोन तारांवर ०-१-२-४. म्हणून सा बदलला की थाट (रागाचा सात सुरांचा साचा) बदलतो, हात तोच राहतो. पांढरी एकला (सीला) सा धरलात तर बिलावल, पांढरी दोनला (डीला) काफी, पांढरी तीनला भैरवी, पांढरी चारला कल्याण म्हणजे तुमचा यमन, पांढरी पाचला खमाज आणि पांढरी सहाला आसावरी. यमन मोकळ्या डीवरून वाजवायला गेलात तर तीव्र मध्यम जी शार्पवर पडतो आणि हात ताणावा लागतो. सी तारेवरच्या चौथ्या बोटाला, एफला, सा धरा, तीव्र म जी तारेवर तिसऱ्या बोटाखाली आपोआप येतो, खाली मंद्र पंचम मोकळ्या सीचा. स्वर खोल लागतो, पण चेलोला तो शोभतो. भैरवी पांढरी दोनवर घेतलीत तर रे आणि ध दोन्हींसाठी पहिलं बोट मागे ओढावं लागतं, पांढरी तीनवर काहीच नाही. भूप आणि दुर्गा मात्र सरळ पांढरी दोनवर घ्या. भूपाची बोटं डी तारेवर ०-१-३, ए तारेवर ०-१ आणि तार सा चौथ्यावर. भैरव, पूर्वी, मारवा, तोडी सध्या ठेवून द्या, तिथं ताण चुकत नाही.

ही सोय एकटीनं वाजवण्यापुरती आहे. भजनी मंडळाची पेटी काळी चारमध्ये असेल तर तिच्याबरोबर वाजवणं नवख्याचं काम नाही. त्यासाठी तारा वर चढवू नका. ए तार तुटू शकते आणि घोडी (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) पुढे कलते.

सारेगमच्या कागदात गज लिहिलेला नसतो, तो तुम्हीच ठरवायचा. समेवर गज खाली (डाऊन-बो, मुठीकडून टोकाकडे), एका मात्रेला एक गज, अशी सुरुवात करा. त्रिताल, केरवा, दादरा, झपताल यांच्या मात्रा सम संख्येच्या, त्यामुळे प्रत्येक आवर्तनाला सम पुन्हा खालच्या गजावर येते. रूपकच्या सात मात्रांत ती उलटते. तिथं कुठल्याही दोन मात्रा एका गजात बांधा, म्हणजे जुळते. हे आधी पेन्सिलनं लिहून घ्या. वाजवताना सुचेल असं समजलात तर दुसऱ्याच आवर्तनात गज उलटा पडतो आणि दोष डाव्या हाताला दिला जातो.

वय आणि गाव. ४१ वर्षांच्या हाताला लहान मुलापेक्षा ताण घ्यायला वेळ लागतो हे खरं, म्हणूनच ताण नसलेले कागद निवडायला सांगतोय. उलट कोमल-तीव्र ओळखणारा कान तुमच्याकडे तयार आहे, पडदे नसलेल्या वाद्यावर तो फार मोलाचा. बेळगावात चेलोवादक नसेल, पण तुमचा क्लेफ वाचणारी माणसं आहेत. पियानो शिकवणारा कुणीही डाव्या हातानं तोच वाचतो; चर्चच्या गायनवृंदात बास गाणारे वाचतात; लष्करी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवलेले वाचतात, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या शहरात असं माणूस भेटणं कठीण नसावं. वाचन त्यांच्याकडून पक्कं करता येईल. चार आवाजांच्या नोटेशनमधलं भजनपुस्तक मिळालं तर सर्वांत खालची बासची ओळ घ्या: लांब सूर, नियमित लय, बहुतेक वेळा पहिल्या पोझिशनमध्ये मावणारी. त्याच क्लेफमधली टेनरची ओळ अनेकदा डीच्या वर जाते, ती नको. बँडचे कागद मात्र उसने आणू नका. ते बी फ्लॅट, ई फ्लॅटच्या पट्ट्यांत असतात आणि तुमच्या मोकळ्या तारा तिथं निरुपयोगी ठरतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा चोर्ला घाटानं पणजीला जाऊन समोरासमोर धडा घेता आला तर बघा. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथं चौकशी करा. हाताचा कोन आणि अंगठ्याची जागा व्हिडिओवर नीट दिसत नाही.

मोबाईलवर वाचून वाजवणं बंद करा. जुन्या छापील पानांचे स्कॅन ए-फोरवर बारीक होतात. झेरॉक्सच्या दुकानात १४१ टक्क्यांनी मोठं करून ए-थ्रीवर घ्या, एका बाजूलाच, आणि कागद डोळ्यांच्या उंचीला ठेवा. मान वाकली की डावा खांदा वर जातो आणि त्यासोबत सूर.

एका वेळी तीनच कागद: लीचा एक एट्यूड, एक सरगमगीत, एक बासची ओळ. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं साधन) मिनिटाला ६० वर ठेवून न थांबता लागोपाठ तीनदा वाजला की तो कागद झाला, पुढचा घ्या. तीन आठवड्यांत झाला नाही तर लाल खुणा पुन्हा मोजा, निवड चुकलेली असू शकते. पुढच्या धड्याच्या दोन दिवस आधी या तिन्हींचे फोटो शिक्षकांना पाठवा, आणि प्रत्येक लाल खुणेपाशी 'इथं हात ताणू की हलवू?' एवढंच विचारा.